अँटिग्वातील एक दुपार आणि एक सूर्यास्त : आखणी कशी करावी

तुम्ही लिहिले आहे की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात न्यू जर्सीहून तुम्ही सहा जण, म्हणजे तुम्ही दोघे, दहा आणि सहा वर्षांची मुले आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, अँटिग्वाला जात आहात. मुक्काम डिकन्सन बेजवळ आहे आणि एक दुपार मोकळी आहे. तेवढ्या वेळात एखादा चांगला किनारा, नेल्सन्स डॉकयार्ड ही जुनी गोदी, फिग ट्री ड्राइव्हचा रस्ता आणि शर्ली हाइट्स टेकडीवरचा सूर्यास्त हे सगळे बसेल का, असा तुमचा प्रश्न आहे. त्याच आठवड्यात क्रूझने येणाऱ्या तुमच्या मित्राचे जहाज संध्याकाळी पाचला सुटते, त्याने काय करावे, हेही तुम्ही विचारले आहे. पूर्व कॅरिबियनमधल्या सहलींची आखणी हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

सगळे बसवता येईल, पण त्यातले काहीच नीट पाहून होणार नाही. अँटिग्वा हे जेमतेम २८० चौरस किलोमीटरचे बेट आहे आणि नकाशावर ते इतके लहान दिसते की एका दुपारी त्याला सहज वळसा घालता येईल, असे प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात रस्ते अरुंद, वळणाचे आणि खड्ड्यांचे आहेत, आणि डिसेंबरात दिवस लहान असतो. माझा आग्रह असा की अर्धा दिवस सूर्यास्तापासून उलटा मोजावा आणि त्या दिवशी बेटाची एकच बाजू धरावी. रविवार असेल तर दक्षिणेची बाजू, म्हणजे पिजन पॉइंटचा किनारा आणि वर शर्ली हाइट्स. इतर कोणत्याही दिवशी नैर्ऋत्येची बाजू, म्हणजे फ्राइज किंवा डार्कवुड बीच, आणि सूर्यास्तही तिथेच वाळूत बसून. तुमच्यासोबत आई-बाबा आहेत, म्हणून माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. त्याची कारणे पुढे येतील.

आधी सूर्याचे गणित. अँटिग्वा सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे जवळजवळ रत्नागिरीच्याच अक्षांशावर. त्यामुळे दिवसाची लांबी, सूर्याचा उतार आणि मावळल्यानंतर पडणारा अंधार हे सगळे कोकणातल्यासारखेच असते. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावरही बराच वेळ रेंगाळणारा उजेड तुमच्या सवयीचा झाला असेल. तो इथे मिळत नाही. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत रस्त्यावर दिवे लावावे लागतात. नाताळच्या आठवड्यात सूर्य साधारण ५ वाजून ४० मिनिटांनी मावळतो. नोव्हेंबरच्या अखेरीस तो साडेपाचलाच जातो, तर जूनअखेर आणि जुलैच्या सुरुवातीला पावणेसातच्या सुमारास. म्हणजे उन्हाळ्यात आलेल्या माणसाला जी आखणी आरामात जमते, ती डिसेंबरात तासाभराने कमी पडते. ऑनलाइन सापडणारे बहुतेक कार्यक्रम महिना न सांगता लिहिलेले असतात आणि लोकांची फसगत होते ती त्यामुळेच.

आता उलटी मोजणी करू. सूर्य ५.४० ला मावळणार, तर ५.१५ पर्यंत सगळ्यांचे पाण्यातून बाहेर येणे, अंग पुसणे, कपडे बदलणे आणि सामान आवरणे झालेले असावे. लहान मुलांना पाण्यातून बाहेर काढायला किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून पहिली हाक ४.४५ ला द्यावी. पाण्यात आणि वाळूत अडीच तास हवेत, त्यापेक्षा जास्त आई-बाबांना झेपणार नाही आणि कमी मुलांना पुरणार नाही. म्हणजे किनाऱ्यावर सव्वादोनला पोहोचायचे. डिकन्सन बेहून सेंट जॉन्स या राजधानीच्या गर्दीतून पश्चिम किनाऱ्याने खाली उतरायला पाऊण तास धरावा. दीड वाजता निघावे, जेवण आधीच उरकून. दुपारचे बाराचे ऊन यामुळे आपोआप टळते. डिसेंबर असला तरी या अक्षांशावरचे ऊन तीव्रच असते, आणि वारा सतत वाहत असल्यामुळे कातडी भाजते आहे हे संध्याकाळपर्यंत कळत नाही.

हा वारा म्हणजे ईशान्य-पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे, आणि अँटिग्वातल्या किनाऱ्यांची निवड मुख्यतः त्यांच्यावरच ठरते. पूर्वेचे किनारे, म्हणजे हाफ मून बे किंवा लाँग बे, अटलांटिककडे तोंड करून आहेत. ते अतिशय देखणे आहेत, परंतु वारा थेट अंगावर येतो आणि हाफ मून बेला लाटांचा जोर आणि ओढ पोहणाऱ्याला दमवणारी असते. शिवाय २०११ पासून सारगॅसम नावाचे तपकिरी समुद्री शेवाळ दरवर्षी मोठ्या प्रमाणावर कॅरिबियनमध्ये वाहत येते आणि ते प्रामुख्याने पूर्वेच्या व दक्षिणेच्या किनाऱ्यांना लागते. कुजायला लागले की त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्याचा जोर वसंत आणि उन्हाळ्यात अधिक असतो, डिसेंबरात बहुधा कमी. पूर्वेला जायचेच असेल तर सकाळी हॉटेलातल्या माणसाला विचारून जावे. आणि मुख्य म्हणजे सूर्यास्त पूर्वेला दिसणार नाही, म्हणून या दुपारीपुरता तो भाग सोडून द्या.

डिसेंबर-जानेवारीत हे वारे आणखी जोर धरतात. तिथले खलाशी त्यांना ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात. अशा वेळी नैर्ऋत्येचा किनारा उपयोगी पडतो, कारण बेटाचे ज्वालामुखीजन्य डोंगर नेमके त्याच बाजूला आहेत. सर्वांत उंच बॉगी पीक ४०२ मीटरचे आहे. या डोंगरांच्या आडोशाला पाणी बहुतेक दिवस शांत असते. याला अपवाद एकच, आणि तो तुमच्या महिन्यातच येतो: हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये दूरवर वादळे होतात तेव्हा त्यांच्या लांब, संथ लाटा दोन-तीन दिवसांनी उत्तर व पश्चिम किनाऱ्यांवर येऊन आदळतात. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, आणि तरीही काठावर अचानक उंच लाट फुटते. असे दिसले तर मुलांना गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ देऊ नका. बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात, त्यामुळे लक्ष ठेवण्याचे काम तुमचेच आहे. मोठ्यांपैकी एकाने नेहमी कोरडे राहावे, हा माझा सगळ्या कुटुंबांना सल्ला असतो.

भरती-ओहोटीची मात्र काळजी नको. कोकणात आपण भरतीची वेळ पाहिल्याशिवाय पाण्यात उतरत नाही, पण इथे भरती आणि ओहोटीतला फरक जेमतेम फूटभराचा असतो. किनारा सकाळी जितका रुंद, जवळपास तितकाच संध्याकाळी.

पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे जॉली बीच, व्हॅली चर्च, फ्राइज, डार्कवुड आणि टर्नर्स असे किनारे ओळीने लागतात. अँटिग्वात सगळे समुद्रकिनारे कायद्याने सार्वजनिक आहेत; एखाद्या रिसॉर्टसमोरची वाळूही तुमची आहे, फक्त तिथल्या खुर्च्या आणि छत्र्या त्यांच्या असतात. जॉली बीचचे पाणी बरेच आतपर्यंत उथळ आहे, त्यामुळे तुमच्या सहा वर्षांच्या मुलीला ते आवडेल, परंतु तिथे मोठ्या हॉटेलाची वर्दळ असते. डार्कवुड रस्त्याला अगदी लागून आहे: गाडीचे दार उघडले की दहा-वीस पावलांवर वाळू. गुडघेदुखी असलेल्या माणसाला ही सोय मोठी वाटते. फ्राइज त्याच्या शेजारीच, थोडा शांत, आणि तिथे सीग्रेपच्या झाडांची सावली बरी मिळते. सीग्रेप म्हणजे जाड, गोल, ताटलीएवढ्या पानांचे, वाळूत वाढणारे झाड. त्याखाली चटई टाकली की आई-बाबांची दुपार सुखाने जाते. मी तुमच्यासाठी फ्राइज निवडला असता आणि शेवटचा अर्धा तास डार्कवुडला घालवला असता, कारण तिथून नैर्ऋत्येकडचा देखावा अधिक मोकळा आहे. दोन्हींत गाडीने काही मिनिटांचेच अंतर आहे.

झाडांचा विषय निघाला आहे तर एका झाडाची ओळख करून घेणे अत्यावश्यक आहे. मँचिनील नावाचे झाड कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर सीग्रेपच्या सोबतीनेच वाढते. त्याची पाने चकचकीत हिरवी, लहान आणि टोकदार. फळ लहानशा हिरवट-पिवळ्या सफरचंदासारखे, वासाला गोड आणि वाळूत पडलेले. मूल सहज उचलून तोंडात घालेल असे ते दिसते आणि नेमके तेच घडता कामा नये. फळ खाल्ले तर तोंड आणि घसा भाजून सुजतो. फांदी तोडल्यावर पांढरा चीक निघतो, तो अंगाला लागला तर फोड येतात, डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. पाऊस पडत असताना त्या झाडाखाली उभे राहिले तरी पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यातून चीक अंगावर येतो. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो किंवा पाटी लावलेली असते, पण सगळीकडे नाही. मुलांना गाडीतच सांगून ठेवा की वाळूत सापडलेले कोणतेही फळ हातात घ्यायचे नाही, आणि सावलीला बसण्यापूर्वी पाने पाहा: ताटलीसारखी गोल असतील तर बसा, लहान आणि चकचकीत असतील तर दुसरी जागा शोधा. चुकून चीक लागलाच तर भरपूर पाणी आणि साबणाने लगेच धुऊन डॉक्टरांकडे जावे.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचे आणावे आणि पाण्यात उतरण्यापूर्वी वीस मिनिटे लावावे. बाकीच्या काही सनस्क्रीनमधली रसायने प्रवाळाला घातक ठरतात. तुमच्या पायाखालची पांढरी वाळू म्हणजे मुख्यतः प्रवाळाचा, शिंपल्यांचा आणि चुना धरणाऱ्या शेवाळाचा चुरा आहे. मागचा डोंगर ज्वालामुखीचा असूनही किनारा पांढरा राहतो तो यामुळेच. दहा वर्षांच्या मुलाला हेही सांगा की यातली बरीच वाळू पॅरटफिश या माशाच्या पोटातून आलेली आहे: तो चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून खातो आणि न पचलेला चुरा बाहेर टाकतो. त्याला स्नॉर्केलचा मुखवटा घेऊन द्या. फ्राइजच्या टोकांना असलेल्या खडकांजवळ, मोठ्या माणसाच्या सोबतीने आणि पाणी शांत असेल तेव्हा, मासे पाहता येतात. खडकांत समुद्री साळू म्हणजे काळ्या काट्यांचे सी-अर्चिन असतात, म्हणून पायात रबरी बूट हवेत.

आता सूर्यास्त कुठून पाहावा, याचे उत्तर. डिसेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही. तो दक्षिणेकडे सुमारे २५ अंश सरकलेला असतो, तर जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे. डार्कवुडला उभे राहिलात तर दोन्ही ऋतूंत समोर समुद्रच आहे. शर्ली हाइट्सची गोष्ट वेगळी आहे. तिथून पश्चिमेकडे पाहिले की खाली इंग्लिश हार्बर आणि त्यामागे फालमथ हार्बर, दोन्ही शिडाच्या होड्यांनी भरलेली, आणि त्यांच्या पलीकडे नैर्ऋत्येचे डोंगर. उन्हाळ्यात सूर्य या डोंगरांच्या मागे जातो, हिवाळ्यात डावीकडे सरकून समुद्राच्या बाजूला उतरतो. म्हणजे शर्ली हाइट्सचा सूर्यास्त पाहण्यासाठी तुमचा ऋतू उत्तम आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

शर्ली हाइट्स म्हणजे सुमारे दीडशे मीटर उंचीवरचा जुना लष्करी तळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस लीवर्ड बेटांचा गव्हर्नर असलेल्या जनरल थॉमस शर्ली याचे नाव त्याला आहे. खालच्या गोदीचे आणि या तळाचे रक्षण एकमेकांवर अवलंबून होते, आणि दोन्ही आता एकाच राष्ट्रीय उद्यानात येतात; त्याचे प्रवेशशुल्क फाटकावर द्यावे लागते. गोदीला आज ब्रिटिश नौदल अधिकारी नेल्सनचे नाव असले, आणि नेल्सन १७८४ ते १७८७ या काळात इथे तैनात होता हेही खरे असले, तरी ती बांधली आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांनी. २०१६ मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. या गोदीला घाईघाईत अर्धा तास देऊ नये, तिथल्या संग्रहालयासाठी आणि जुन्या इमारतींसाठी एखादी सकाळ वेगळी काढावी. तुमच्या यादीतून ती मी त्या दुपारपुरती वगळतो आहे, ती केवळ याच कारणासाठी.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास शर्ली हाइट्सवर स्टीलपॅनचे वादन सुरू होते आणि अंधार पडल्यावर रेगे वाजवणारा बँड येतो. याला वेगळे तिकीट असते. स्टीलपॅन हे मूळ त्रिनिदादचे वाद्य, तेलाच्या पिंपाच्या तळाला हातोडीने ठोकून वेगवेगळ्या स्वरांचे खळगे पाडून घडवलेले. जवळ जाऊन पाहिलेत तर एकाच पत्र्यावर लहान-मोठे अंडाकृती भाग आखलेले दिसतात, मोठ्यातून खालचा स्वर आणि लहानातून वरचा, आणि वादकाच्या हातातल्या आखूड काठ्यांच्या टोकांना रबर गुंडाळलेले असते. आठ-दहा जण एकत्र वाजवू लागले की खर्जाची पिंपे छातीत जाणवतात. मुलांना हे जवळून दाखवण्यासारखे आहे. परंतु नाताळच्या आठवड्यातल्या रविवारी तिथे प्रचंड गर्दी होते. बसायच्या जागा थोड्या, जमीन खडबडीत, वारा भन्नाट, स्वच्छतागृहापुढे रांग. कठड्याजवळ जागा मिळवायची तर चारलाच पोहोचावे लागते आणि मग पावणेदोन तास उभे राहावे लागते. खायला मुख्यतः भाजलेले कोंबडीचे मांस आणि मासे असतात. आई-बाबा शाकाहारी असतील तर त्यांनी खाऊनच जावे. तुम्ही दोघे एखाद्या रविवारी मुलांना घेऊन वर जा आणि आई-बाबांना डिकन्सन बेला आराम करू द्या, हे मला अधिक बरे वाटते. डिसेंबरात डिकन्सन बेवरूनही सूर्य समुद्रातच मावळताना दिसतो, त्यामुळे त्यांचे काही हुकणार नाही.

सगळ्यांनाच वर जायचे असेल तर त्या दिवशी किनारा पिजन पॉइंटचा घ्या. तो फालमथ हार्बरच्या काठाशी आहे, पाणी संथ, झाडांची सावली भरपूर, आणि स्थानिक कुटुंबे रविवारी तिथे जेवण बांधून येतात. तिथून शर्ली हाइट्स गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. साडेबारा ते साडेतीन किनारा आणि चारला वर, असा तो कार्यक्रम होतो. पश्चिमेचा किनारा आणि शर्ली हाइट्स एकाच दुपारी जोडण्याच्या मोहात पडू नका. मध्ये फिग ट्री ड्राइव्हचा घाट येतो.

हा रस्ता मात्र सुरेख आहे, नाव अंजिराचे असले तरी दुतर्फा झाडे केळीची आहेत, कारण तिथे केळीला फिग म्हणतात. वाटेत आंबा, पेरू, फणसासारखे दिसणारे ब्रेडफ्रूट लागते, आणि टपरीवर अँटिग्वाचे काळे अननस मिळाले तर जरूर घ्यावे. नाव काळे असले तरी ते आतून पिवळे आणि विलक्षण गोड असते. दुपारी दीडऐवजी साडेबाराला निघायची तयारी असेल तर जाताना या रस्त्याने जाऊन ओल्ड रोड या गावावरून डार्कवुडला उतरता येते. येताना नाही. अंधारात त्या वळणांवरून, दिव्यांशिवाय, रस्त्याच्या कडेने चालणारी माणसे आणि शेळ्या चुकवत गाडी हाकणे मी कुणालाच सुचवणार नाही.

गाडीचे म्हणाल तर वाहतूक आपल्या भारतासारखीच डावीकडून चालते, पण अमेरिकेच्या सवयीमुळे तुमचाच गोंधळ होण्याचा संभव अधिक. भाड्याच्या गाडीसाठी तात्पुरता स्थानिक परवाना काढावा लागतो, तो गाडी देणारेच करून देतात. सहा जणांसाठी मी टॅक्सी-व्हॅन घेतली असती. टॅक्सींना मीटर नसतो, दर सरकारने ठरवलेले असतात. बसण्यापूर्वी एकूण रक्कम, ती अमेरिकन डॉलरमध्ये की पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये, आणि थांबण्याचे वेगळे पैसे किती, हे तिन्ही बोलून घ्यावे. एका अमेरिकन डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर हा दर १९७६ पासून बांधलेला आहे, त्यामुळे ‘शंभर’ म्हणजे नेमके काय, हे न विचारणे महागात पडते. परतीसाठी त्याच चालकाला सव्वासहाची वेळ देऊन ठेवा आणि पूर्ण पैसे परत आल्यावर द्या. फोनवरून मागवण्याची उबरसारखी सोय तिथे नाही आणि संध्याकाळी डार्कवुडवर रिकामी टॅक्सी सहजी मिळत नाही. सेंट जॉन्सच्या बाजाराजवळच्या स्थानकातून ओल्ड रोडकडे जाणारी २२ क्रमांकाची बस डार्कवुडवरून जाते आणि ती अतिशय स्वस्त आहे, पण संध्याकाळनंतर आणि रविवारी तिचा भरवसा धरू नये.

कुणाशीही बोलताना आधी ‘गुड आफ्टरनून’ म्हणावे आणि मगच दर, रस्ता किंवा खुर्ची विचारावी. कॅरिबियनमध्ये हे न करणे उद्धटपणाचे समजले जाते, आणि ज्यांना तिथली माणसे तुसडी वाटली त्यांच्यापैकी अनेकांनी हे एवढेच केलेले नसते. पोहण्याच्या कपड्यांत गावात किंवा दुकानात जाऊ नये. आणि मुलांच्या सामानात लष्करी नक्षीचा, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा शर्ट किंवा टोपी असेल तर ती घरीच ठेवा. अँटिग्वात सामान्य नागरिकाने असे कपडे घालणे कायद्याने मना आहे आणि मुलांनाही त्यातून सूट नाही.

मुलाने सूर्य बुडताना अगदी शेवटच्या क्षणी चमकणाऱ्या हिरव्या किरणाबद्दल विचारले आहे, असे तुम्ही लिहिता. तो खरा आहे. क्षितिजाजवळचा प्रकाश वातावरणातून तिरका येताना वाकतो आणि निळा-हिरवा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा किंचित अधिक वाकतो. म्हणून सूर्याची लाल प्रतिमा आधी बुडते आणि हिरवी क्षणभर मागे राहते. निळा प्रकाश वाटेतच विखुरलेला असतो. दिसतो तो एखादा सेकंद, फार तर दोन. त्यासाठी क्षितिज धारदार हवे, म्हणजे समुद्र आणि आभाळ यांच्यामध्ये ढगांचा किंवा धुरकटपणाचा पट्टा नको. उन्हाळ्यात सहारा वाळवंटातली धूळ अटलांटिक ओलांडून कॅरिबियनपर्यंत येते आणि तेव्हा सूर्य क्षितिजाला टेकण्यापूर्वीच पांढुरक्या पडद्यात विरतो. डिसेंबरात हवा स्वच्छ असते, पण व्यापारी वाऱ्यांबरोबर येणारे छोटे ढग दूर क्षितिजावर एकावर एक दिसून त्यांची रांग होते. त्यामुळे खात्री देता येत नाही. सूर्याची खालची कड पाण्याला टेकल्यापासून वरची कड नाहीशी होईपर्यंत सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. तेवढा वेळ मुलाला पाठ फिरवून उभे करा आणि अगदी शेवटची चकती नखाएवढी उरल्यावरच वळायला सांगा. त्याने डोळेही सुरक्षित राहतात आणि आधीच्या प्रखर प्रकाशाने ते दिपून हिरवा रंग हुकतही नाही. दुर्बीण मुळीच नको.

डार्कवुडहून डावीकडे, नैर्ऋत्येला, स्वच्छ दिवशी मॉन्सेराट या शेजारच्या बेटाचे डोंगर दिसतात. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. तिथला सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जुलै १९९५ मध्ये जागा झाला आणि दोन वर्षांत प्लिमथ ही राजधानी राखेखाली गेली. बेटाचा दक्षिण भाग आजही वस्तीसाठी बंद आहे, आणि तिथून निघालेल्या अनेक कुटुंबांनी अँटिग्वातच घर केले. शिखरावर स्थिरावलेला पांढरा ढग दिसला तर त्यातला काही भाग आजही वाफेचा असतो. आणखी उजवीकडे रेडोंडा हा निर्मनुष्य खडक. तोही याच देशाचा भाग. आई-बाबांना हे दाखवा. टेकून बसलेल्या माणसाला पाहण्यासारखे इथे पुष्कळ आहे.

सूर्य गेल्यावर लोक उठतात, तुम्ही आणखी पंधरा मिनिटे थांबा, कारण ढगांच्या खालच्या बाजूला रंग चढतो तो त्यानंतर. याच वेळी चावणाऱ्या बारीक माशा आणि डास निघतात. त्या माशा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत आणि घोट्यांना चावतात, खाज दोन-तीन दिवस राहते. डेंग्यूचाही धोका असल्यामुळे सव्वापाचला कपडे बदलतानाच सगळ्यांना लांब पायजमे, मोजे आणि डास पळवणारे मलम लावून घ्यावे. आई-बाबांना अंधारात वाळूतून चालावे लागू नये म्हणून त्यांची जागा आधीपासूनच रस्त्याच्या बाजूला ठेवा आणि एक विजेरी जवळ बाळगा.

राहिला तुमच्या मित्राचा प्रश्न. जहाज पाचला सुटणार असेल तर प्रवाशांना साधारण साडेचार किंवा त्याही आधी परत चढावे लागते. जहाजावर छापून दिलेली वेळच अंतिम मानावी आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर आहे की बेटाच्या, हे सकाळीच तपासावे. डिसेंबरात त्यांना बेटावरून सूर्यास्त पाहता येणार नाही, त्याची खटपटही करू नये. त्यांनी सकाळी नऊला ‘हेरिटेज की’ या धक्क्यावरून टॅक्सी घेऊन सरळ डार्कवुड गाठावे. क्रूझची बहुतेक गर्दी डिकन्सन बे आणि फोर्ट जेम्सकडे वळते, कारण ते जवळ आहे. साडेबारापर्यंत पोहून, सेंट जॉन्सला परत येऊन जेवावे. बटाटा आणि छोल्यांची करी भरलेली रोटी शहरात मिळते आणि शाकाहारी माणसाची तिने चांगली सोय होते. क्रिकेटची आवड असेल तर जुन्या अँटिग्वा रिक्रिएशन ग्राउंडपर्यंत धक्क्यावरून चालत जाता येते. ब्रायन लाराने ३७५ आणि नाबाद ४०० याच मैदानावर केल्या, आणि २००२ मध्ये जबडा मोडलेला असताना डोक्याभोवती पट्टी बांधून अनिल कुंबळेने लाराला बाद केले तेही इथेच. तीन वाजता जहाजावर परतून डेकवर बंदराच्या तोंडाकडची जागा धरावी. जहाज सेंट जॉन्सच्या बंदरातून बाहेर पडताना तोंड पश्चिमेला असते, पाच ते पावणेसहा या वेळात ते मोकळ्या समुद्रात असते, आणि आभाळ स्वच्छ असेल तर हिरवा किरण दिसण्याची संधी त्यांना तुमच्याइतकीच आहे.